आधी गाडीचं बघू

मे महिन्यात बदल्यांचे आदेश निघाले, की ओरोसला एक ठरावीक गृहस्थ उतरतो. गाव घाटावरचं, गाडीचा नंबर एमएच ०९ नाहीतर १०, हप्ते अजून बरेच बाकी. भाड्याचं घर बघायला येतो आणि घराकडे पाठ करून उभा राहतो. मालकीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन खळ्यात येतात, तर साहेब गेटच्या दोन चिरेबंदी खांबांमधलं अंतर टेपने मोजताहेत!

वास्तविक या गावाला जागेची ददात नाही. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि पुढे कुडाळ-कणकवलीच्या मधे, ओरोसला, मुख्यालयासाठी सिंधुदुर्गनगरी आखूनच वसवली. कचेऱ्या सुटल्यावर इथल्या रस्त्यात ट्रक आडवा लावला तरी कुणी हटकायचं नाही. पुण्यात गाडीला जागा मिळाली की माणूस देवापुढे नारळ ठेवतो. इथे जागा हवी तेवढी, नारळ वरून येतो.

साहेबांचं अडतं ते तिथेच. माडाखाली नको, नारळ चुकला तर झावळ आहेच. आंब्याखाली चीक. फणसाचं तर नाव काढू नका. उघड्यावर लावावी, तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. भिंतीच्या कडेला उंदीर. पावसाळ्यात ते उबेला इंजिनात शिरतात आणि वायरी कुरतडतात. यात मात्र अतिशयोक्ती नाही. आरटीओचं कार्यालय याच गावात आहे, पण उंदरांचं खातं त्यांच्याकडे नाही.

"या माडाचे नारळ कधी उतरवता?" साहेब विचारतात.

"साहेबानू, नारळाक डोळे असतत. माणसार पडना नाय." मालकीणबाई शांतपणे सांगतात. मग जरा विचार करून, "गाडीचा माका म्हायत नाय."

पाणी विहिरीचं की नळाचं, न्हाणी आत की मागच्या दारी, हे साहेब विचारतच नाहीत. सांगलीहून बायकोचा फोन येतो, "खोल्या किती आहेत?" साहेब म्हणतात, "साडेपाच मीटर. आणि उतार मागे आहे, पाणी साचणार नाही."

अखेर एक शेड पसंत पडते. पत्रा नवा, तिन्ही बाजूंनी चिरे, वर झाड नाही. फक्त ती पावसाळ्याच्या बेगमीने गच्च भरलेली: लाकडं, चुडतं, सोडणं.

"शेड देतंय मी," मालक डोकं खाजवत म्हणतात, "पण पावसाची लाकडा खंय ठेवू?"

साहेब तेव्हा पहिल्यांदा घरात पाऊल टाकतात. माजघर ओलांडून मागच्या खोलीचं दार ढकलतात. "इथे ठेवा. कोरडी राहतील."

जूनच्या मध्यावर शाळा उघडायच्या बेताला कुटुंब येतं. बाई घरभर फिरून मागच्या खोलीशी थबकतात. आत आढ्यापर्यंत सोडणं रचलेली.

"अहो, मुलांनी अभ्यासाला बसायचं कुठे?"

साहेब शेडमध्ये काच पुसत असतात. "मागच्या सीटवर," ते म्हणतात, "आतला दिवा चांगला आहे. फक्त चपला बाहेर काढायला सांग."