रजेचं कारण

पनवेल मागे टाकून गोव्याच्या रस्त्याला लागलं, पळस्प्याचा फाटा ओलांडला, की थोड्याच वेळात शिरढोण येतं आणि पुढे कर्नाळ्याचा सुळका डोकं वर काढतो. त्याला अंगठा म्हणायची आमच्याकडे जुनी रीत आहे. मला मात्र हल्ली तो पाहिला की वाटतं, कुणीतरी अतिप्रचंड कारकून हजेरीच्या यंत्रावर थम्ब मारायला उभा आहे आणि यंत्र काही केल्या त्याचा ठसा ओळखत नाही. पावसाळ्यात तासन् तास तो ढगांत गडप असतो. लागला वाटतं लेट मार्क, असं मी मनात म्हणतो. पायथ्याला पक्ष्यांचं अभयारण्य आहे. तिथल्या एकाही पाखराला कुणी कधी मस्टरवर सही मागितलेली नाही, हे त्याला वरून रोज दिसत असणार. त्याचं मला उगाच वाईट वाटतं.

शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते इथे जन्मले. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. राहतं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. जयंतीला, पुण्यतिथीला हार पडतात, भाषणं होतात, आणि ती सगळी दाढीवाल्या, तलवारवाल्या बंडखोराची असतात. योग्यच आहे. मला मात्र त्या घरासमोर उभं राहिलं की बंडाच्या आधीचा माणूस आठवत राहतो. वेळेवर कचेरीत हजर होणारा, बोटांना शाई लागलेला. आधी मुंबईत जीआयपी रेल्वेत, मग ग्रँट मेडिकल कॉलेजात, मग लष्कराच्या हिशेबी खात्यात आणि त्याच खात्यातून पुण्याला. आद्य क्रांतिकारक होण्याआधी वर्षानुवर्षं हा माणूस कारकून होता. आपल्यापैकी बहुतेकांचं त्यांच्याशी काही नातं जुळत असेल तर ते एवढंच.

आजकाल कंपन्या काम आणि आयुष्य यांचा तोल कसा साधावा हे शिकवायला तज्ज्ञ बोलावतात. ते पडद्यावर तराजूचं चित्र दाखवतात, सगळ्यांना दीर्घ श्वास घ्यायला लावतात आणि निघून जातात. फडक्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. लहुजी वस्तादांकडे कुस्ती आणि दांडपट्टा, दिवसा सरकारचा जमाखर्च, घरी दत्ताची उपासना, फावल्या वेळात व्याख्यानं. त्या व्याख्यानांची वर्दीही म्हणे ते स्वतःच थाळी पिटत रस्त्यातून देत. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या जोडीने त्यांनी जी शिक्षणसंस्था उभी केली, तीच आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी. हे सगळं नोकरी सांभाळून. आम्ही नोकरी सांभाळून फार तर व्यायामशाळेची वर्गणी भरतो.

१८७० साली आई शिरढोणला आजारी पडली. फडक्यांनी रजेचा अर्ज केला. बोरघाटातून आगगाडी १८६३ पासूनच धावत होती. घाट उतरून पुढची वाट बैलगाडीने, नाहीतर पायी काटता आली असती. लांबचा पल्ला होता तो अर्जापासून साहेबाच्या सहीपर्यंतचा. रजा वेळेवर मिळाली नाही, आणि ते घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी तिच्या श्राद्धालाही रजा नाकारली गेली, असं चरित्रकार सांगतात. आता एका रजेवरून बंड झालं, इतका सोपा हिशेब मी मांडणार नाही. १८७६ नंतरचा दुष्काळ होता, देशाची लूट कशी चालली आहे हे समजावून देणारी रानड्यांची व्याख्यानं होती, आणि मुळात डोकंच कर्नाळ्याच्या किल्लेदाराच्या घरातलं होतं. तरी चहा पिता पिता माझ्या मनात येतं, त्या दिवशी अर्ज मंजूर झाला असता तर? बहुधा १८७९ साली बंड झालंच असतं. पण आई भेटली असती.

त्या साहेबाची बाजू घेण्याची मला अजिबात हौस नाही. पण ‘आई आजारी आहे’ या वाक्याची पत आपण सगळ्यांनी मिळून घालवली आहे, हेही खरं. रजेचा अर्ज हा मराठी माणसाने आयुष्यात लिहिलेला पहिला कथाप्रकार असतो. शाळेत अर्जलेखनाच्या तासाला, अंगात कणभर ताप नसताना, ‘मी तापाने आजारी असल्यामुळे’ असं आपण सुवाच्य अक्षरात लिहितो आणि बाई त्याला पैकीच्या पैकी गुण देतात. मग पुढे आयुष्यभर ‘वरील विषयास अनुसरून’ कल्पनाशक्ती चालते. वडिलांच्या कचेरीत एका गृहस्थांच्या आजी इतक्यांदा वारल्या, की हेडक्लार्क रजा मंजूर करताना ‘यंदा कुठल्या बाजूच्या?’ एवढंच विचारायचे. त्या आजी पुढे खरंच गेल्या, तेव्हा त्या गृहस्थांनी अर्जात पोटदुखी लिहिली. खरं कारण लिहायची त्यांना लाज वाटली असावी.

वडिलांच्या काळी लवचीक वेळ नव्हती, असं मात्र कुणी समजू नये. तिचा सरकारी आदेश नव्हता, एवढंच. खुर्चीच्या पाठीला कोट अडकवलेला असे आणि माणूस भाजी घ्यायला गेलेला असे. ‘जागेवर आहेत, आत्ताच होते इथे,’ असं शेजारचा सांगे. कोट दिवसभर इमानाने काम करी. पावसाळ्यात त्याला छत्रीची सोबत मिळायची. मुंबईच्या गिरण्यांत तर कोकणचे कामगार लावणीला आणि गणपतीला गावी जात, आणि त्यांच्या सांच्यावर तेवढे दिवस बदली कामगार उभा राही. मालक कपाळाला हात लावत; पण भाताचं रोप काही भोंग्याची वाट पाहणारं नव्हतं. त्याच गिरण्यांतल्या माणसांना आठवड्याची एक हक्काची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला, तोही नारायण मेघाजी लोखंड्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा. आपण रविवारी उशिरा उठून पोह्यांवर लिंबू पिळतो, त्यातल्या निदान एका फोडीवर लोखंड्यांचा हक्क आहे.

पुढे २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा दिला. त्याचं कौतुक पुरतं ओसरायच्या आत टाळेबंदी आली, आणि शनिवारच्या मागोमाग अख्खा आठवडाच घरी येऊन बसला. त्यानंतर कचेरीची वेळ ही भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी उरली नाही. मध्य रेल्वेनेसुद्धा लोकलची गर्दी फुटावी म्हणून २०२३च्या नोव्हेंबरात मुख्यालयातल्या आपल्याच माणसांना दोन वेळा वाटून दिल्या, कुणी साडेनऊला यावं, कुणी साडेअकराला. पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्या, सव्वा तासाहून अधिक वेळ दुसऱ्याच्या बॅगेला नाक लावून उभं राहणाऱ्या माणसाला या दोन तासांचं मोल विचारावं.

शिरढोणला माझी आत्या असते. तिचा मुलगा ऐरोलीच्या एका कंपनीत आहे. दोन दिवस ऑफिस, तीन दिवस घर. पूर्वी जिथे तांदळाची कणगी होती तिथे आता त्याचं टेबल आहे, मागे कालनिर्णय, समोर लॅपटॉप. हे ‘घरून काम’ सुरू झालं तेव्हा आत्याला आनंद झाला होता, पोरगा डोळ्यांसमोर राहील म्हणून. राहतो तो. पण त्या घरात आता दिवसभर कुणी बोलत नाही. ‘मिटींगा’ चालू असताना ती मिक्सर लावत नाही, भांडं आपटू देत नाही, आणि कुकरची शिट्टी दोन मिटींगांच्या फटीत बसवते. चहा हवा का, हे ती दारातून कपाचा अभिनय करून विचारते. तो अंगठा वर करतो. मासळीवाली आली की आत्या तोंडावर बोट ठेवून अंगणापर्यंत धावते. त्या दोघी मग बोटांनी भाव करतात. मी पाहिलंय, पापलेटच्या सौद्यात मासळीवालीने कपाळावर हात मारून घेतला, आकाशाकडे पाहिलं, टोपली उचलून परत ठेवली, आणि एक शब्द न बोलता आत्याने तिला खाली आणलं. अलीकडे मासळीवालीच म्हणते, तुमच्या घरी धंदा करायचा तर गळा नाही, मान दुखते.

मुलगा वाईट नाही. कंपनीही वाईट नाही. तिथे रजेला साहेबाच्या टेबलाशी उभं राहावं लागत नाही, मोबाइलवर दोनदा बोट टेकवलं की काम होतं. अडचण एवढीच की तो घरीच असतो, त्यामुळे घरी येण्यासाठी रजा घ्यायची हे त्याला सुचत नाही. फडक्यांना पुण्याहून शिरढोणला वेळेत पोचू दिलं नाही. याला टेबलापासून स्वयंपाकघरापर्यंत कुणी अडवत नाही, तरी संध्याकाळचे सात वाजतात, आणि सातला अमेरिका उठते.

मध्यंतरी मी त्याला फडक्यांची ती रजेची गोष्ट सांगितली. गावचाच असल्यामुळे ती त्याला पाठ होती. माझ्याकडून ऐकताना मात्र तो जरा गप्प झाला. पुढच्या बुधवारी त्याने रजा टाकली. ॲपमध्ये कारणांची यादी होती: आजारपण, लग्न, प्रवास, इतर. ‘इतर’वर बोट ठेवून तो लॅपटॉप मिटून आत गेला आणि म्हणाला, “आई, आज मी सुट्टी घेतलीय.”

आत्याने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. “बरं वाटत नाही का रे?”

“बरा आहे. तुझ्याशी गप्पा मारायला घेतलीय.”

“माझ्याशी?” आत्या नऊवारीचा पदर खोचून टाळ पिशवीत भरत होती. “अरे, आज बुधवार. भजनाचा वार माझा. आधी सांगायचं नाही का? असं आयत्या वेळी कसं जमेल?” पायात चपला सरकवता सरकवता ती दारात थांबली. “डाळ लावलीय. तीन शिट्ट्या होऊ देत. आणि आज जोरात झाल्या तरी चालतील.”