मोठा कोण?

मसुद्यावर 'मसुदा' असं लिहिलेलं असतं ते कुणी वाचावं म्हणून नसतंच, असा माझा समज होत चालला आहे. रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरच्या भाषेतल्या व्हेक्टर सूचनांचा, म्हणजे एका हुकमात पुष्कळ आकडे हाकणाऱ्या सूचनांचा, 0.7.1 हा मसुदा 2019 मध्ये निघाला. त्याच वर्षी अलिबाबाच्या टी-हेड कंपनीनं सी910 हा प्रोसेसर जाहीर केला आणि मसुदा थेट सिलिकॉनमध्ये कोरला गेला. 2021 च्या अखेरीस अधिकृत 1.0 आलं, तेव्हा आत बरंच काही बदललं होतं. लग्नपत्रिका वाटून झाल्यावर मुहूर्त बदलावा आणि पाहुण्यांनी जुन्याच तारखेला अहेर घेऊन दारात उभं राहावं, तसं झालं.

चिपला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिला जे सांगितलं होतं ते ती आजही इमानानं करते. घोर लागतो तो कंपायलर तपासणाऱ्याला.

1.0 साठी केलेला कोड या चिपवर टाकला की बहुधा 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून प्रोग्रॅम जागीच आडवा होतो. नवशिक्याला हे संकट वाटतं. मला तर हा सभ्यपणा वाटतो. कळलं नाही, नाही म्हणाली, विषय संपला. भीती असते ती कळल्यासारखी मान डोलावणाऱ्यांची, आणि त्यात यंत्रंही आली.

एक नमुना पाहा. व्हेक्टर चालवण्याआधी आकड्यांची रुंदी सांगावी लागते. 1.0 मध्ये '16 बिट' हे 8 या संकेतानं सांगता येतं. सोबतचे बाकीचे पर्याय शून्य ठेवले की झालं. जुन्या मसुद्यात त्याच 8 चा अर्थ 32 बिट. चिप हूं की चूं करत नाही. पुढची सूचना 16 बिटांचे आकडे उचलायची. तिचाही संकेत जुन्या मसुद्यात सापडतो, फक्त तिथं त्याचा अर्थ 'उचला आणि पुढं शून्यं लावून रुंद करा' असा. मग बेरीज होते 32 बिटांत, साठवताना वरचे 16 बिट गळून पडतात, आणि उत्तर येतं चोख बरोबर! एका फेरीत निम्मेच आकडे उरकतात, पण वेग कमी पडला म्हणून कुणी पोलिसात जात नाही.

म्हणजे बेरजेची चाचणी पास. वजाबाकीही पास. आता विचारा, -1 आणि 5 यांत मोठा कोण? पुढं शून्यं लागल्यामुळे आपला -1 आत पोचतो तो 65535 होऊन. तो अर्थातच जिंकतो, आणि साठवताना वरचे बिट झटकून पुन्हा साळसूद -1 होऊन बाहेर येतो. चाचणीत सगळे आकडे धन असते तर हा प्रकार उघडकीला आलाच नसता. माणूस चाचणीसाठी आकडे निवडताना 1, 2, 3, 4 असेच का निवडतो, कोण जाणे. ऋण संख्यांचा आपल्याला शाळेपासूनच कंटाळा असावा.

मे 2024 मध्ये जीसीसी 14 हा कंपायलर आला, आणि त्यात या जुन्या बोलीला 'एक्स-टी-हेड-व्हेक्टर' या नावानं रीतसर जागा मिळाली. आता कंपायलरला दोन्ही भाषा येत होत्या. ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या सिस्पा या संस्थेच्या संशोधकांनी 'घोस्टराइट' जाहीर केलं. सी910 मधल्या काही व्हेक्टर सूचना साठवताना ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहाऱ्याला वळसा घालून थेट भौतिक मेमरीत लिहितात, असं निघालं. दोष सिलिकॉनमध्येच, त्यामुळे पॅच मारून भागत नाही. उपाय एकच: व्हेक्टर बंद करून टाका.

बंद केल्यावर चाचण्या पुन्हा लावल्या तर व्हेक्टरच्या साऱ्या चाचण्यांपुढं 'अनसपोर्टेड' असा शेरा पडतो. अहवालाच्या तळाशी एकूण नापास किती, ते छापलेलं असतं. शून्य. वरिष्ठ तेवढंच वाचतात, आणि खूश होतात.