किरकोळ बदल

माझ्याहून सोळा वर्षांनी लहान असलेल्या टीम लीडने माझी पुल रिक्वेस्ट परत पाठवली. कोडमध्ये चूक नव्हती; तो तिला आवडला होता, तसा अंगठाही तिने दिला होता. अडलं होतं कमिट मेसेजवर, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये प्रत्येक बदलासोबत लिहायच्या टिपेवर. मी लिहिलं होतं, 'मायनर चेंजेस'. त्याच्या आधीच्या कमिटला 'फिक्स', त्याच्या आधीच्याला 'फायनल फिक्स', आणि रात्री पावणेदोनला केलेल्या कमिटला नुसतं एक टिंब. तिने खाली विचारलं होतं, "मायनर म्हणजे काय? आणि का?"

मी तिच्या टेबलापाशी जाऊन बाजू मांडली. काय बदललं ते गिट दाखवतंच की. काढलेल्या ओळी लाल, घातलेल्या हिरव्या. यावर ती म्हणाली, "काय ते दाखवतं. का ते तुम्हालाच माहीत. आणि तुम्हालाही दिवाळीपर्यंतच." मग तिने नियमांची लिंक पाठवली.

पहिली ओळ ५० अक्षरांच्या आत, शेवटी पूर्णविराम नाही. मग एक ओळ कोरी. ती विसरलात तर गिट अख्ख्या परिच्छेदालाच शीर्षक समजतं. मग मजकूर, तोही ७२ अक्षरांवर ओळ मोडून. हा ७२चा आकडा मला पंचांगातून काढल्यासारखा वाटला होता, पण त्यामागे साधा हिशेब निघाला. जुन्या टर्मिनलची ओळ ८० अक्षरांची. लॉग दाखवताना गिट डावीकडे चार जागा सोडतं. उजवीकडेही चार सोडल्या की उरतात ७२. आमच्या शाळेच्या वहीतला समास बाईंनी एवढाही समजावून सांगितला नव्हता.

पन्नासात मावतंय का बघायला मी एक मेसेज मराठीत लिहून पाहिला. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर. संगणकाच्या लेखी सहा. तीन व्यंजनं, दोन हलन्त आणि एक वेलांटी, प्रत्येकाचं वेगळं तिकीट. जोडाक्षरांच्या भाषेत थोडक्यात बोलणं इतकं महाग पडतं, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं.

खरी अडचण पुढेच होती. मेसेज आज्ञार्थात हवा. 'दुरुस्त केलं' नाही, 'दुरुस्त करतोय' नाही. कोडला हुकूम सोडावा तसं लिहा, असं गिटच्या स्वतःच्या नियमांतच म्हटलंय. आता हुकूम सोडायचा तर मराठी माणसाला आधी नातं ठरवावं लागतं. आमचा कोड बारा वर्षांचा. त्यातला काही भाग मी कंपनीत येण्याआधीचा. त्याला एकदम 'कर' म्हणायचं? 'करा' म्हणावं तर तो आपलाच. 'करावे' म्हटलं की लग्नपत्रिकेचा वास येतो. आणि ज्या वळणाकडे आपला हात आपोआप जातो ते म्हणजे 'सदर त्रुटी दूर करण्यात आली आहे'. या वाक्यातला कर्ता आजवर कुणालाही सापडलेला नाही. गिटमध्ये मात्र 'ब्लेम' नावाची आज्ञाच आहे. ती फाइलच्या प्रत्येक ओळीपुढे कर्त्याचं नाव आणि तारीख छापते. मंत्रालयात ती अजून पोचलेली नसावी.

टीम लीडने एक युक्तीही सांगितली. 'हा कमिट घेतला तर तो विल' एवढं म्हणून पुढे आपली ओळ जोडायची. वाक्य जुळलं तर मेसेज बरोबर. मी घरी मराठीत करून पाहिलं. 'हा कमिट घेतला तर तो लॉगिन दुरुस्त कर.' जुळेना. 'करील' केलं की जुळतं, पण मग हुकूम जाऊन भविष्य येतं. इंग्रजी क्रियापद एकाच सदऱ्यावर आज्ञाही देतं आणि 'विल'च्या मागेही उभं राहतं. आपलं क्रियापद प्रत्येक कार्याला कपडे बदलून येतं.

शेवटी मी लिनस टोरवाल्ड्सलाच शरण गेलो. गिट त्याने एप्रिल २००५ मध्ये लिहिलं. हा गृहस्थ स्वतः काय लिहितो ते पाहू म्हटलं. त्याच महिन्याच्या १६ तारखेला त्याने लिनक्सचा कोड पहिल्यांदा गिटमध्ये भरला. वर फक्त आवृत्तीचं नाव. खाली खुलासा: जुना इतिहास आपल्याकडे आहे, पण तो आत घेत नाही, कारण तो घातला तर सुमारे ३.२ जीबी होतो आणि सुरुवातीलाच उगाच गुंता होईल. हवा तर नंतर वेगळा ठेवू. काय केलं, काय केलं नाही, का, आणि आकड्यासकट.

हे वाचून मला आई आठवली. आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला कालनिर्णय असतं. त्यावर तिच्या बारीक अक्षरात: 'सिलिंडर लावला. आधीचा २३ दिवसच पुरला, नाशिकची मंडळी होती.' चौकोन टीचभर, पण कारण सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखे चारही मेसेज नव्याने लिहिले आणि फोर्स पुश केला. ती ब्रँच बंगळुरूचा सहकारीही वापरत होता. त्याच्याकडे जुना इतिहास, सर्व्हरवर नवा. त्याची दुपार त्यातच गेली. जो इतिहास इतरांच्या हाती गेलाय तो बदलायचा नाही, हा नियम त्याच लिंकवर खाली होता. मी तिथवर पोचलो नव्हतो.

त्याच आठवड्यात आई मावशीकडून परतली. ती नसताना दुधाची नोंद माझ्याकडे होती. चष्मा लावून तिने कालनिर्णयाचं पान पाहिलं. सहा, सात आणि आठ तारखेवरून एक लांब रेघ, आणि तिच्यावर माझ्या अक्षरात, 'किरकोळ बदल'.

"किरकोळ म्हणजे अर्धा लिटर की एक? जास्त की कमी? आणि का?"

मी निमूटपणे पेन उचललं आणि रेघेवर काट मारायला गेलो. तिने हात धरला.

"खाडाखोड करू नकोस. दूधवाल्याने पाहिलंय ते. खाली नवीन लिही."