शास्त्रज्ञाचं घर, समुद्र दिसतो

अमरावती-अकोल्याकडची शाळेची सहल ठरलेली: शेगाव, चिखलदरा, फार झालं तर लोणार. गुरुजींनी शास्त्रज्ञाचं घर दाखवायचं मनावर घेतलं, तर पोरांना मुंबई गाठावी लागेल. तिथे मलबार हिलवर होमी भाभांचा ‘मेहरांगीर’ बंगला होता. स्मारक करा, असं भाभा अणुसंशोधन केंद्रातले कर्मचारी म्हणत राहिले. २०१४ मध्ये तो ३७२ कोटींना विकला गेला, २०१६ मध्ये पाडलाही. पैसे एनसीपीएला, म्हणजे नाटक-संगीताला मिळाले, हे त्यातल्या त्यात बरं. भाभा स्वतः चित्रं काढायचेच. आता वऱ्हाडातल्या होतकरू शास्त्रज्ञाच्या आईबापांनी एवढंच पाहावं, की घराच्या खिडकीतून समुद्र दिसता कामा नये. ती काळजी आमच्याकडे भूगोलानेच घेतली आहे.