'आला' की 'आलाय म्हणे'?

अहो, ऐकलंत का? जरा अशा कुंपणाजवळ या, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही. ती कोपऱ्यावरच्या बंगल्यातली सून, कोपनहेगनला असते ती... हां, तीच, आयटीवाली. सासूला फोनवर म्हणाली, डॅनिश शिकायला लागल्यापासून घसा धरलाय. सासूचा चेहरा असा उतरला! तिला वाटलं थंडीनं. थंडीनं कुठलं, त्या भाषेनं!

म्हणजे बघा, 'ती' म्हणायचं तर 'हुन', आणि कुत्रा म्हणायचा तरी 'हुन'च. लिहिताना कुत्र्याच्या शेवटी एक 'ड' असतो, पण तो उच्चारतंय कोण! फरक एवढाच, की कुत्र्याच्या वेळी घशात बारीकसा झटका द्यायचा. 'स्ट्योड' म्हणतात त्याला. आता सासूबाईंबद्दल बोलताना चुकून झटका बसला तर? मी नाही बाई त्यात पडत.

आणि शेजारचे काय कमी आहेत का? नॉर्वेवाल्यांनी तर टीव्हीवर अख्खा स्किटच केला होता. दुकानदार डेन, गिऱ्हाईकही डेन, आणि एकाचं दुसऱ्याला ओ की ठो कळत नाही! शेवटी काहीतरी 'कामेलोसो' म्हणून वेळ मारून नेतात. चेष्टा सोडा, पण ओडेन्सेच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी खरंच तपासलंय, की डॅनिश तान्ही मुलं शब्द उचलायला नॉर्वेतल्या मुलांपेक्षा मागे पडतात. व्यंजनं गिळलेली, सगळे स्वरच स्वर, शब्द कुठे तुटतो ते त्या बाळानं ओळखायचं तरी कसं?

आकडे मात्र मला आवडले हो. पन्नासला ते काय म्हणतात, तर 'अडीच विसा'! सत्तर म्हणजे साडेतीन विसा, नव्वद म्हणजे साडेचार विसा. आमच्या आजीला नेऊन बसवली असती कोपनहेगनच्या बाजारात तर हिशेबात कुणाला ऐकली नसती. ब्याण्णव म्हणजे 'दोन आणि साडेचार विसा', आपल्यासारखंच एकक आधी. नॉर्वेनं १९५१ मध्ये सरकारी हुकूम काढून आधी दशक, मग एकक असं करून टाकलं. डेन काही हलले नाहीत.

तर काय सांगत होते... हां, दुसरी भाषा, उईघुर. चीनमधल्या काशगरकडची. तिकडे सगळा उलटा कारभार. बोलणारे कोटीच्या वर, डॅनिशचे साठेक लाख. क्रियापद आपल्यासारखं शेवटी. डॅनिशमध्ये ते पंगतीतल्या मानकऱ्यासारखं, दुसऱ्याच पाटावर बसणार, पुढे कुणीही असो. नव्वदला सरळ 'तोक्सान', विसाबिसा काही नाही. शब्दाला शेपटावर शेपूट लावत जायचं, झालं. लिपी अरबी वळणाची, पण स्वर सगळे लिहितात. मध्ये १९६० च्या दशकात सरकारनं रोमन लिपी आणली, १९८२ ला परत जुनी. म्हणजे मधल्या काळात शिकलेल्यांचे काय हाल झाले असतील...

पण एक मोठी अडचण आहे, वहिनी. तो, ती, ते, सगळ्यांना एकच 'उ'. आता 'उ' रात्री अकराला घरी आला, यावर गप्पा कशा रंगायच्या? आला की आली, यातच तर सगळं असतं ना!

थांबा, थांबा, त्याची भरपाई पण केलीये त्यांनी. 'कॅल्दी' म्हटलं की 'आला', झालं. 'कॅप्तू' म्हटलं की 'आलाय म्हणे', नाहीतर आल्याचं नंतर लक्षात आलं. आपण कसं, सोयीचं असेल तर 'म्हणे' लावतो, नसेल तर गिळतो. तिथे ते क्रियापदाच्या शेपटातच दिसतं, ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिल्यासारखी खपवणं तितकं सोपं नाही. आपली तीन नंबरवाली तिथे दोन दिवस टिकायची नाही!

बरं, या दोन भाषांचा एकमेकींशी काय संबंध, असंच ना? अहो, तीच तर खरी गोष्ट. मंगोलियात ओर्खोनच्या खोऱ्यातले ते दगड, १८८९ साली सापडलेले. अक्षरं थेट डेन्मार्कच्या जुन्या रून-शिळांसारखी. दिसण्यापुरतीच हं, भाषेचं नातं शून्य. वाचता कुणालाच येईनात. पीटर्सबर्गचे राडलोफ, तुर्की भाषांत हयात घातलेले, १८९१ मध्ये स्वतः जाऊन आलेले. आणि इकडे कोपनहेगनमध्ये विल्हेल्म थॉमसेन, छापील चित्रं समोर घेऊन घरबसल्या. आधी ओळी उजवीकडून डावीकडे जातात हे ठरवलं, मग दगडाच्या दुसऱ्या बाजूच्या चिनी मजकुरातली नावं हेरली. तेन्ग्री, क्युल तेगिन, त्युर्क, निघाली की अक्षरं! १५ डिसेंबर १८९३ ला डॅनिश अकादमीत सांगून मोकळे. राडलोफांचा चेहरा कसा झाला असेल, तुम्हीच बघा. त्यांनी तीच किल्ली घेऊन १८९४ मध्ये घाईघाईनं भाषांतर छापलं. थॉमसेननी निवांत १८९६ ला आपलं काढलं. घाई कुणाला नडली ते जगजाहीर आहे.

ती दगडांवरची जुनी तुर्की भाषा म्हणजे आजच्या उईघुरची थेट पूर्वज नव्हे हं, त्याच घराण्यातली. पण ते दगड उभारणाऱ्या तुर्कांना हटवून जे उईघुर खान गादीवर आले, त्यांनीही त्याच अक्षरांत दगड कोरले.

आणि आता हे हळूच सांगते. काशगरमध्ये अब्दुवली अयूप म्हणून भाषातज्ज्ञ, त्यांनी उईघुर माध्यमाची बालवाडी काढली. २०१३ मध्ये उचललं त्यांना. आरोप काय, तर बेकायदा वर्गणी गोळा केली! वर्गणी! सव्वा वर्षानं सुटले, मग देश सोडला. २०१७ ला तर तिकडच्याच होतानमध्ये शाळांतून उईघुर बंद करायचा हुकूमच निघाला. अयूप आता नॉर्वेत असतात, तिथून लिहितात, बोलतात. आणि नॉर्वेत जास्त चालते ती लेखी भाषा बोकमाल, ती निघाली कशातून, तर डॅनिशमधूनच.