चवीची वही

जिल्हा परिषदेच्या शाळेत चवीची एक नोंदवही असते. मुलांना पोषण आहार वाढण्याआधी शिक्षकांनी तो चाखायचा आणि वहीत शेरा लिहायचा, असा नियम आहे. ‘चव चांगली’, ‘चव उत्तम’, पुन्हा ‘चव चांगली’. इतकं एकमत मराठी वाङ्मयात दुसरीकडे कुठे सापडायचं नाही. तरी मला आपलं वाटतं, शाळेची परसबाग जगणार की वाळणार याचा निकाल कुदळ-फावड्यापाशी लागत नाही, या वहीपाशी लागतो.

तसं रत्नागिरीत कुदळीचं काम काही कमी नाही. वर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि खाली जांभा. सड्यावरच्या शाळेत वीतभर खणलं की पहार खणकन वाजते आणि गुरुजींचा उत्साह तिथेच बसतो. मग माती पालकांनी पाटीपाटीने आणून टाकायची, शेणखत ज्याच्या गोठ्यात असेल त्याने द्यायचं आणि आषाढातल्या सरींनी सगळं वाहून पऱ्ह्यात जाऊ नये म्हणून चिऱ्याचे तुकडे लावून वाफे उंच करायचे. एवढं केलं की मात्र पाऊस देतो तेही दोन्ही हातांनी. शाळा उघडतानाच बी टाकलं तर श्रावणात मांडव भरतो: पडवळ, शिराळी, काकडी, कारली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पडवळाची ‘कोकण श्वेता’ आणि कारल्याची ‘कोकण तारा’ अशी वाणं काढली आहेत. नावं अशी, की हजेरीपटावर घातली तरी खपून जातील. पटसंख्येलाही तेवढाच आधार.

पटाचं दुखणं कोकणात जुनंच. पण बागेला ते फळतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. वीस मुलांची शाळा असली की झाली एक किलो. शहरातल्या हजार मुलांच्या शाळेने गच्चीवर कुंड्या मांडून फार तर कढीपत्त्याची सोय करावी. इथे दोन पडवळांत त्या दिवसाचा प्रश्न मिटतो.

पडवळ लोंबायला लागलं की त्याच्या टोकाला सुतळीने दगड बांधतात, म्हणजे ते वाकडं न होता सरळ वाढतं. हे काम मुलांना मनापासून आवडतं. कुणाचा दगड कुठला यावरून भांडणं होतात. सकाळी प्रार्थनेआधी पट्टी लावून लांबी मोजली जाते, आणि ज्याला काल सेंटिमीटर समजत नव्हता तो आज मिलिमीटरवरून वाद घालतो. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला, तो याहून फार वेगळा नसावा. केंद्र सरकारने शाळांच्या पोषण बागांसाठी २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत माकडांचा बंदोबस्त मात्र ज्याने त्याने करायचा. माकडांना ताज्या भाजीचं महत्त्व कोणत्याही परिपत्रकाशिवाय पटलेलं आहे. ती कोवळी काकडी नेमकी तोडणीच्या आदल्या दिवशी नेतात. गडगा रचा, करवंदीच्या काट्यांचं कुंपण घाला, बेडं लावा. गुरं थांबतात, माकडं बेड्यावर बसून सोलतात.

पण समजा सगळ्यांतून वाचून भाजी पातेल्यात पडली, तरी ती पोटात जायची बाकी असते. आपण पिकवलेलं मूल आवडीने खातं असं म्हणतात. लाल माठाच्या बाबतीत हे खरं आहे, कारण त्याने भात गुलाबी होतो आणि गुलाबी भाताला कुणी नाही म्हणत नाही. कारल्याच्या बाबतीत मात्र पिकवणारा स्वतःच शेजारच्याच्या ताटात फोडी सरकवताना मी पाहिलेला आहे. अशा वेळी मुलं एकदा गुरुजींच्या ताटाकडे बघतात. गुरुजींनी फोड तोंडात टाकली, चावली आणि तोंड वाकडं न करता आणखी मागितली, तर पाचातली तीन मुलं खातात. गुरुजींनी घरचा डबा उघडला आणि त्यात बटाट्याची भाजी निघाली, तर ‘जीवनसत्त्वे’ हा धडा त्या वर्षापुरता संपला. साने गुरुजी याच जिल्ह्यातल्या पालगडचे. ‘श्यामची आई’मधली अळणी भाजी वडील तक्रारीचा चकार शब्द न काढता जेवले, म्हणून मुलंही मुकाट जेवली. त्या घरात चवीची वही नव्हती, एवढाच फरक.

मे महिना हा बागेचा खरा वैरी. शाळेला सुट्टी, विहिरीने तळ गाठलेला, आणि वाफ्यांकडे बघायला कुणी नाही. तेव्हा जे तगतं ते बहुधा खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या वाटेवरचं असतं. भांडी घासायच्या मोरीच्या पाण्यावर त्या अळू आणि केळ पोसून ठेवतात, कडेला शेवगा असतो, तो कुणाकडे काही मागत नाही. भोपळ्याचं, पडवळाचं बी राखेत घोळवून त्यांच्याच घरी डब्यात असतं. बागेसमोरचा फोटो, स्पर्धेचा अर्ज, अहवाल हे गुरुजींचं खातं, बी मावशींचं. ही वाटणी कुठल्या कागदावर नाही, पण चांगली चालते. कारण गुरुजींची बदली होते.

अशाच एका शाळेत जूनमध्ये नवे गुरुजी रुजू झाले. घाट उतरून आलेले, सामान अजून बांधलेलंच. मावशींनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, गाव कुठलं, मुलं किती ते विचारून घेतलं आणि बियांचा डबा काढण्याआधी म्हणाल्या, “गुरुजी, कारलं खाता ना?”