चार ट्रे अंडी

न्यू जर्सीतला भाचा जानेवारीत नागावला आला तो चॉकलेटांबरोबर एक कल्पनाही घेऊन. तिकडे काल्शी नावाचा बाजार आहे म्हणे. कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यात मध्यंतराला कोण पुढे असेल, यावर तिथे ‘हो’ किंवा ‘नाही’ विकत मिळतं. खरं ठरलं तर एक डॉलर, नाहीतर भोपळा. ‘हो’चा भाव 62 सेंट असेल, तर लोकांच्या लेखी शक्यता शंभरात बासष्ट.

“म्हणजे मटकाच की रे,” मी म्हणालो. न्यूयॉर्कच्या कापसाच्या ओपन-क्लोजवर मुंबईत आकडा लागायचा, तोच आता उलटा अमेरिकेला गेलेला दिसला.

“मामा, याला प्रेडिक्शन मार्केट म्हणतात.”

तिकडच्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलचे डाव वीस-वीस मिनिटांचे. कबड्डीचेही तेवढेच! इथेच माझं डोकं फिरलं. कबड्डीतलं आपल्याला कळतं, अशी माझी चाळीस वर्षांची समजूत आहे. तरुणपणी गावाच्या संघात मी राखीव खेळाडू होतो. चढाईला एकदाच गेलो, गुडघा अजून आठवण काढतो.

त्याच आठवड्यात गावाच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन सामना होता. पैसे लावायचे नाहीत हे ठरलेलं. ऑगस्ट 2025च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं आपल्याकडची हो-नाहीची ॲपं बंद पडली होती. (हे मला इतकं नीट कसं माहीत, ते घरात कुणी विचारलेलं नाही.) दिवस पोपटीचे, म्हणजे मडक्यात शेंगा आणि अंडी भाजायचे. वालाच्या शेंगा भरलेल्या, बांधावर भांबुर्डा माजलेला. म्हणून चलन ठरलं अंडी. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या चिठ्ठ्या केल्या. मध्यंतराला आमचं कॉलेज पुढे असलं, तर ‘हो’च्या चिठ्ठीला दहा अंडी.

“1887च्या जुगारबंदी कायद्यात अंड्यांना सूट आहे का हो?” बायकोनं विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

सहा अंड्यांना ‘हो’ काढला आणि दहा चिठ्ठ्या हातोहात गेल्या. ‘नाही’ला गिऱ्हाईक शून्य. आपल्या पोरांविरुद्ध कोण बोली लावणार? म्हणजे अख्ख्या मैदानात ‘नाही’वाला मी एकटा. हे माझ्या लक्षात आलं ते शेजारच्या घरातला मुलगा चढाईला गेला आणि मी “पकडा, पकडा त्याला!” असं ओरडलो तेव्हा. त्याची आई पुढच्याच रांगेत होती. तिनं मागे वळून पाहिलं. त्या घरातून वाटीभर साखरसुद्धा आता येणार नाही.

पण नशीब माझ्या बाजूनं होतं. आमच्यावर लोण चढला, आघाडी गेली. मैदानावरच्या घड्याळात वीस मिनिटं पूर्ण झाली तेव्हा गुणफलक 13–14. झालं! मी वही मिटली. तेवढ्यात मागची पोरं म्हणाली, “काका, ‘हो’ आता दोनला देता?”

मेलेल्या म्हशीला गिऱ्हाईक मिळतंय, कोण सोडणार? “घ्या, लुटा!” दहा हात पुढे आले, दहा चिठ्ठ्या गेल्या. शेवटची चिठ्ठी फाडताना माझ्या कानावर मैदानातून “कबड्डी, कबड्डी” येत होतं. वेळ संपली तरी सुरू असलेली चढाई पूर्ण होऊ देतात. हा नियम मी राखीव बाकावर बसून वर्षानुवर्षं पाहिलेला. पोरं तो विसरली नव्हती. शेजारचा तोच मुलगा कोपऱ्यातल्याला हात लावून, परतताना मधल्याला पाय मारून रेषेवर पडला. 15–14. मग शिट्टी.

पहिल्या दहा चिठ्ठ्यांवर चार-चार अंडी गेली, पुढच्या दहांवर आठ-आठ. एकूण एकशे वीस. भाच्यानं मोबाइलवर भागाकार करून सांगितलं, “बरोबर चार ट्रे, मामा.” अमेरिकेतलं शिक्षण वाया गेलं नाही.

शनिवारी वाडीत पोपटी लागली. भांबुर्ड्याचा पाला, ओवा-मिठाच्या शेंगा आणि मधे मधे माझी अंडी भरून मडकी उपडी घातली, भोवती जाळ केला. मडक्यावर पाणी शिंपडून ते चर्रर्र वाजतंय का, हे पाहायचं काम मला दिलं. अंदाज माझा चांगला, असं पोरं म्हणाली.

तो सामना पुढे आमचं कॉलेज हरलं. माझ्या वाट्याला दोन अंडी आली, त्यातलं एक फुटलेलं होतं.